काडापासून इथेनॉल: यीस्टपर्यंत साखर पोचतच नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. 100 ग्रॅम गव्हाचं काड दळून लिटरभर पाण्यात तासभर उकळलं, गार झाल्यावर सेल्युलेज या सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमची पावडर टाकली, दुसऱ्या दिवशी बेकरीचं यीस्ट टाकून बाटलीला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) लावला. आठवड्याभरात जेमतेम थोडे बुडबुडे आले आणि ऊर्ध्वपातनात हाती काही लागलं नाही. आता यीस्टची जात बदलावी का?

यीस्ट बदलून काहीही होणार नाही. बेकरीचं साधं यीस्ट ग्लुकोज मिळाला की काम चोख करतं. इथे त्याला ग्लुकोज मिळालाच नाही. नुसत्या पाण्यात उकळलेल्या काडातलं सेल्युलोज एन्झाइमला फार तर पंधरा-वीस टक्के फोडता येतं. काडात कोरड्या वजनाच्या साधारण 35 ते 40 टक्के सेल्युलोज असतं. 38 धरून हिशेब केला तर त्यातून सहा ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज सुटला, म्हणजे लिटरभर पाण्यात साडेतीन-चार मिली इथेनॉल, तेही सगळं सुरळीत झालं तर. एवढं पातळ द्रावण साध्या काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातनाला लावलं तर काही हाती न लागणं स्वाभाविकच आहे.

म्हणून आधी वरची मर्यादा कागदावर मांडून घ्या. सेल्युलोज फुटताना प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू जोडला जातो, त्यामुळे वजन वाढतं: 1 ग्रॅम सेल्युलोजपासून 1.11 ग्रॅम ग्लुकोज. 1 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 0.511 ग्रॅम इथेनॉल, बाकीचा कार्बन डायऑक्साइड. 38 ग्रॅम सेल्युलोजचे झाले 42 ग्रॅम ग्लुकोज आणि 21.6 ग्रॅम म्हणजे साधारण 27 मिली इथेनॉल. ही झाली कागदावरची मर्यादा. नीट केलेल्या लहान प्रयोगात यातलं दोन-तृतीयांश हाती येतं. उरलेलं कुठे जातं हे टप्प्याटप्प्याने वजन करत गेलं तरच कळतं.

उकळणं आणि पूर्वप्रक्रिया यात फरक आहे

काडात सेल्युलोजचे धागे हेमिसेल्युलोज या दुसऱ्या शर्करा-साखळ्यांच्या जाळ्यात गुंडाळलेले असतात आणि त्यावर लिग्निन या चिवट, लाकूडपणा देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. एन्झाइमचा रेणू मोठा असतो. लेप निघाला आणि बारीक छिद्रं मोकळी झाली तरच तो धाग्यापर्यंत पोचतो. बारीक दळल्याने बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, आतली छिद्रं मात्र होती तशीच राहतात. त्यामुळे पिठासारखं दळण्यात वीज घालवू नका, 1 ते 2 मिलीमीटरचे तुकडे पुरेत. पिठी झाली तर गाळताना कापड तुंबतं, तो त्रास वेगळाच.

काड, पेंढा, चिपाड यांसारख्या गवतवर्गीय मालाच्या पूर्वप्रक्रियेला, म्हणजे हा लेप काढायला, लहान प्रमाणावर कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) सगळ्यात सोयीचा. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने तापवणाऱ्या बंद भांड्यात) आम्लापेक्षा तो चांगला उतारा देतो, कारण गवतवर्गीय लिग्निन अल्कलीत सहज विरघळतं. प्रमाण असं: 100 ग्रॅम कोरडं काड, 1 लिटर पाणी, 15 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, 121 अंशांना 60 मिनिटं. सोडा पाण्यात थोडाथोडा टाकायचा, कधीही सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच. भांडं काचेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं. अॅल्युमिनियमचा कुकर यासाठी अजिबात वापरू नका: कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. बंद भांडं, दाब आणि हायड्रोजन एकत्र आले की काय होईल ते सांगायला नको.

बाहेर निघतं ते काळपट तपकिरी द्रावण आणि मऊ लगदा. द्रावणात लिग्निन आणि बरंचसं हेमिसेल्युलोज गेलेलं असतं. लगदा कापडातून पिळून घ्या आणि धुण्याचं पाणी बिनरंगी होऊन त्याचा पीएच 8 च्या खाली येईपर्यंत धुवा. इथे कंटाळा करू नका. लगद्याच्या आत अडकलेला सोडा सावकाश बाहेर येतो, म्हणून पीएच 5 ला आणून ठेवला तरी तासाभराने तो 6 च्या वर गेलेला दिसतो आणि तिथे सेल्युलेजचा वेग पडतो. पीएच लावला, तासभर थांबला, पुन्हा मोजला, पुन्हा लावला, असं दोनदा केलं की काम भागतं.

दुसरी गोष्ट सहज हातून होते आणि महागात पडते: धुतलेला लगदा साठवायला सोयीचा म्हणून वाळवणं. वाळवू नका. पाणी उडून गेलं की मोकळी झालेली छिद्रं मिटतात, धागे एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा भिजवूनही ती पूर्ण उघडत नाहीत. पूर्वप्रक्रियेची अर्धी मेहनत तिथेच वाया जाते. लगदा ओलाच, हवाबंद पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवायचा. वजनाचा हिशेब हवा म्हणून त्यातला फक्त 5 ग्रॅम नमुना 105 अंशांना रात्रभर वाळवा आणि ओलाव्याची टक्केवारी काढा. पिळलेल्या लगद्यात साधारण 75 ते 80 टक्के पाणी असतं.

100 ग्रॅम काडातून या पद्धतीने कोरड्या हिशेबाने 60 ग्रॅमच्या आसपास घन पदार्थ उरतो आणि त्यात सुमारे 35 ग्रॅम सेल्युलोज असतं. तीन-चार ग्रॅम धुण्यात गेलं, ते गृहीतच धरायचं. उरलेला पदार्थ 80 ग्रॅम भरला तर पूर्वप्रक्रिया कच्ची राहिली समजा. 45 भरला तर सेल्युलोजही वाहून गेलं, सोडा किंवा वेळ कमी करा.

आम्लाचा मार्ग निवडायचा असेल तर 1 ते 1.5 टक्के सल्फ्युरिक आम्ल, 121 अंश, तासभर. त्यात उलटं होतं: हेमिसेल्युलोज विरघळून झायलोज ही वेगळी साखर सुटते आणि लिग्निन बहुतेक जागेवरच राहतं. शिवाय यीस्टला त्रासदायक असं फुरफुराल आणि अॅसेटिक आम्ल तयार होतं, ज्यांच्याकडे पुढे यावंच लागेल. मोठ्या कारखान्यांत वाफेबरोबर 160 ते 190 अंशांना काही मिनिटं हेच काम होतं, ते तापमान ऑटोक्लेव्ह देत नाही. म्हणून छापील निबंधातले आम्लाचे उतारे ऑटोक्लेव्हमध्ये येत नाहीत.

एन्झाइम: बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

‘सेल्युलेज’ या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कापड मऊ करायला आणि डेनिम फिकट करायला वापरतात त्या सेल्युलेजमध्ये बहुधा एंडोग्लुकानेज भरपूर असतं. ते धागा मध्येच तोडतं, कापडाची लव काढायला तेवढं पुरतं, साखर मात्र फारशी सुटत नाही. साखरेसाठी तीन जण एकत्र लागतात: मध्ये तोडणारं एंडोग्लुकानेज, टोकाकडून सेल्लोबायोजचे (दोन ग्लुकोजच्या जोडीचे) तुकडे सोलणारं सेल्लोबायोहायड्रोलेज आणि त्या सेल्लोबायोजचे दोन ग्लुकोज करणारं बीटा-ग्लुकोसिडेज. तिसरा नसेल तर सेल्लोबायोज साचतो, पहिल्या दोघांचं काम रोखतो, आणि साधं यीस्ट तर त्याला तोंडच लावत नाही. ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीच्या जुन्या पद्धतीच्या एन्झाइममध्ये हा तिसरा घटक नेहमी कमी पडतो. अस्परजिलस नायजरचं बीटा-ग्लुकोसिडेज वरून घालावं लागतं. बायोमाससाठी म्हणून बनवलेल्या नव्या मिश्रणांत तो आधीच असतो.

पावडर अमायलेज असेल तर विषयच संपला. ते स्टार्चचे अल्फा दुवे तोडतं, सेल्युलोजच्या बीटा दुव्यांना हातही लावत नाही.

मात्रा फिल्टर पेपर युनिटमध्ये, म्हणजे एफपीयूमध्ये मोजतात. बाटलीवर फक्त सीएमसी युनिट दिलं असेल तर तो आकडा कितीही मोठा दिसला तरी त्यावरून साखरेचा अंदाज करू नका. सीएमसी, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, हे पाण्यात विरघळणारं सेल्युलोज आहे, ते तोडणं सोपं. सुरुवातीला दर ग्रॅम सेल्युलोजला 15 एफपीयू घ्या. आपल्या 35 ग्रॅमला 525 एफपीयू लागतील; द्रव एन्झाइम मिलीला 100 एफपीयूचं असेल तर सव्वापाच मिली.

जुळवणी अशी करा. 60 ग्रॅम कोरडा भाग असलेला ओला लगदा, 80 टक्के ओलावा असेल तर 300 ग्रॅम भरेल. त्यात 6.3 ग्रॅम सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट पाण्यात विरघळवून घाला, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 4.8 ते 5.0 ला आणा आणि पाणी घालून एन्झाइमसकट एकूण वजन 600 ग्रॅम होईल असं ठेवा. झालं 10 टक्के घन आणि 50 मिलीमोलर बफर, म्हणजे पीएच जागेवर ठेवणारं द्रावण. एन्झाइम टाकण्याआधी हे सगळं 121 अंशांना 20 ते 30 मिनिटं निर्जंतुक करून 50 अंशांपर्यंत गार होऊ द्या. ऑटोक्लेव्हमधून निघालेला लगदा स्वच्छ होता, पण नंतर तो नळाच्या पाण्याने धुतलाय हे विसरलं जातं. एन्झाइम अर्थातच ऑटोक्लेव्ह करायचं नाही.

50 अंश, 72 तास, सतत हलवत. शेकर असेल तर मिनिटाला 150 फेरे. सुरुवातीला पोह्याच्या लापशीसारखं घट्ट दिसणारं मिश्रण सहा ते बारा तासांत पातळ होऊन ओतता आलं पाहिजे. हा बदल डोळ्यांना दिसतो आणि कुठल्याही चाचणीआधी सांगतो की एन्झाइम चालतंय. चोवीस तासांनंतरही लापशी तशीच असेल तर पुढे जाऊ नका. तापमान 60 च्या पुढे गेलं तर ट्रायकोडर्माचं एन्झाइम निकामी होतं. हीटिंग प्लेटवर ठेवलेल्या बीकरच्या तळाशी तेवढं तापमान सहज होतं आणि थर्मामीटर वरच्या थरात असल्यामुळे कळत नाही. पाण्याचं बाथ किंवा इनक्युबेटर वापरा.

काही प्रयोगपद्धतींत जंतू वाढू नयेत म्हणून 0.02 टक्के सोडियम अॅझाइड सांगितलेलं असतं. ते फक्त साखर मोजून फेकून द्यायच्या नळ्यांसाठी. पुढे यीस्ट टाकायचं असेल तर अॅझाइड नको. ते जंतूंना घातक तसं यीस्टलाही, आणि माणसालाही.

दोन नळ्यांची चाचणी

दोष कोणाचा हे ठरवायला महागडी यंत्रं लागत नाहीत. मुख्य प्रयोगाबरोबर दोन छोट्या बाटल्या लावा. पहिलीत लगद्याऐवजी साधा व्हॉटमन नंबर 1 फिल्टर पेपर बारीक फाडून, तेच बफर, त्याच प्रमाणात तेच एन्झाइम. दुसरीत काड-एन्झाइम काही नाही, फक्त लिटरला 50 ग्रॅम ग्लुकोज, पोषकद्रव्यं आणि तेच यीस्ट. कागद विरघळला आणि लगदा विरघळला नाही, तर पूर्वप्रक्रिया कच्ची. कागदही तसाच, तर एन्झाइम मेलेलं किंवा चुकीचं. ग्लुकोजची बाटली जोमाने उसळली आणि काडाची बाटली शांत, तर निवळीत साखर नाही किंवा विषारी काही आहे. यातलं कोणतं ते कळण्यासाठी त्या निवळीच्या थोड्या भागात वरून ग्लुकोज घाला. तरी शांत राहिली तर विष.

साखर मोजायची कशी, हा बऱ्याच गोंधळाचा मूळ मुद्दा आहे. रिफ्रॅक्टोमीटर इथे कुचकामी आहे. बफरचे क्षार, विरघळलेलं लिग्निन, सगळंच त्याला साखर वाटतं. डीएनएस चाचणीत (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या रंगावरून साखर मोजण्याच्या पद्धतीत) सगळ्या अपचायक शर्करा एकत्र मोजल्या जातात: ग्लुकोज, झायलोज, सेल्लोबायोज. ग्लुकोज ऑक्सिडेजवर चालणारी चाचणी फक्त ग्लुकोज दाखवते. दोन्ही करा. डीएनएसचा आकडा मोठा आणि ग्लुकोजचा लहान असेल तर एक तर झायलोज आहे किंवा बीटा-ग्लुकोसिडेज कमी पडतंय. नमुना घेतल्यावर तो लगेच पाच-दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून एन्झाइम थांबवा, नाहीतर मोजेपर्यंत आकडा चढत राहतो.

72 तासांनी 80 टक्के सेल्युलोज फुटलं तर 600 ग्रॅम मिश्रणात 31 ग्रॅम ग्लुकोज असेल, म्हणजे लिटरला 50 ग्रॅमच्या आसपास.

यीस्टचा भाग

हा सगळ्यात सोपा. मिश्रण 32 अंशांवर आणा, पीएच 5 ते 5.5. धुतलेल्या लगद्यात नायट्रोजन जवळपास नसतं, म्हणून लिटरला 1 ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट आणि पाव ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घाला. जमल्यास 2 ते 5 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. कोरडं यीस्ट लिटरला 1 ग्रॅम, दहापट कोमट पाण्यात 35 ते 38 अंशांना पंधरा-वीस मिनिटं भिजवून मगच टाका. गार पाण्यात किंवा थेट आम्लधर्मी मिश्रणात टाकलं तर पेशींचं आवरण सावरण्याआधीच बऱ्याच पेशी मरतात.

बुडबुडे मोजू नका. झाकण थोडं गळत असेल तर एअरलॉक शांत दिसतो आणि काम मात्र आत पूर्ण होतं. अख्खी बाटली वजनकाट्यावर ठेवा. दर 1 ग्रॅम इथेनॉलमागे 0.957 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. 31 ग्रॅम ग्लुकोजपैकी 90 टक्क्यांचं इथेनॉल झालं तर 14.3 ग्रॅम इथेनॉल, 18 मिली. आणि बाटलीचं वजन 13.7 ग्रॅमने घटेल. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. 24 ते 36 तासांत वजन स्थिरावलं पाहिजे.

वजन नीट घटलं नाही आणि पीएच 5 वरून 4 च्या खाली आला, वास आंबूस, तर लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी साखर खाल्ली. पीएच जागेवर, वास ठीक, पण बारा तास काहीच हालचाल नाही आणि मग एकदम सुरू झालं, तर ते फुरफुरालचं लक्षण. यीस्ट त्याचं आधी फुरफुरिल अल्कोहोल करून टाकतं आणि मग कामाला लागतं. सोड्याच्या मार्गाने नीट धुतलेल्या लगद्यात हे दिसत नाही. आम्लाच्या मार्गाने गेलात तर दिसेलच. उपाय: द्रावण 50 ते 60 अंशांवर ठेवून भिजवलेल्या चुन्याने पीएच 10 पर्यंत न्यायचा, अर्धा तास तसाच ठेवायचा, मग सल्फ्युरिक आम्लाने 5.5 वर आणून जिप्समचा गाळ गाळून टाकायचा. थोडी साखर यात जाते, तरी सौदा फायद्याचा. अॅसेटिक आम्ल चुन्याने निघत नाही. ते पीएच 4.8 च्या खाली पेशीत सहज घुसतं, म्हणून अशा वेळी पीएच 5.5 च्या आसपास ठेवणं हाच मार्ग.

झायलोजबद्दल: साधं यीस्ट झायलोजचं इथेनॉल करत नाही, कितीही दिवस ठेवा. शेफरसोमायसिस स्टिपिटिस हे यीस्ट करतं, पण त्याला मोजकी हवा लागते, इथेनॉल कमी सोसतं आणि अॅसेटिक आम्लाला नाजूक आहे. कारखान्यांत जनुकीय बदल केलेलं यीस्ट वापरतात. पहिल्या काही प्रयोगांत झायलोज सोडून द्या.

एन्झाइम आणि यीस्ट एकाच वेळी का टाकू नये, असं बरेच जण विचारतात. टाकता येतं. ग्लुकोज होताच यीस्ट तो संपवतं, त्यामुळे एन्झाइमवर ग्लुकोजचा दाब येत नाही. पण एन्झाइमला 50 अंश हवेत आणि यीस्टला 32, म्हणून 35 ते 37 वर तडजोड करावी लागते आणि वेळ वाढतो. आणखी एक बारीक गोष्ट: नव्या मिश्रणांतल्या एलपीएमओ या सेल्युलोज तोडायला मदत करणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो आणि यीस्ट तो आधीच गिळून टाकतं. सगळं बसलं की हे जरूर करून बघा; 50 अंशांवर बारा तास एन्झाइम, मग गार करून यीस्ट, हा मधला मार्ग चांगला चालतो. पण शिकताना दोन्ही टप्पे वेगळेच ठेवा. एकत्र केलं की बिघाड कुठे झाला हे शोधायला जागाच उरत नाही.

घन पदार्थाचं प्रमाण वाढवून जास्त इथेनॉल मिळवायचा मोह होतो, कारण 10 टक्के घनात शेवटी लिटरला 24 ग्रॅम, म्हणजे आकारमानाने 3 टक्केच इथेनॉल मिळतं आणि ऊर्ध्वपातनाची वाफ परवडायला वजनाने निदान 4 टक्के तरी हवं असतं. पण 20 टक्के घन एकदम टाकलात तर मोकळं पाणीच दिसत नाही, सगळं लगद्यात शोषलेलं असतं आणि हलवणारा दांडा जागच्या जागी भोक पाडून फिरत राहतो. आधी 10 टक्क्यांवर सुरू करा आणि सहाव्या, बाराव्या, चोविसाव्या तासाला उरलेला लगदा घाला. तरी सेल्युलोज फुटण्याची टक्केवारी घसरतेच. आणि हिशेब करताना निवळीतली साखर अख्ख्या मिश्रणाच्या आकारमानाने गुणू नका. त्यातला बराच भाग घन आहे, उतारा उगाच फुगून दिसतो.

शेवटी इथेनॉल मोजणं. आंबलेल्या मिश्रणात थेट हायड्रोमीटर बुडवून आकडा मिळत नाही. गाळलेल्या निवळीचे 100 मिली घ्या, कंडेन्सर लावून 60 मिली डिस्टिलेट गोळा करा, त्यात पाणी घालून पुन्हा बरोबर 100 मिली करा, 20 अंशांवर आणा आणि अल्कोहोल हायड्रोमीटरने वाचा. तो आकडा मूळ मिश्रणाचा आणि बाटलीच्या वजनघटीशी तो जुळला पाहिजे. उघड्या ज्योतीवर हे करू नका, हीटिंग मँटल वापरा. बहुतेक देशांत अल्कोहोलच्या ऊर्ध्वपातनाला परवाना लागतो, प्रयोगशाळेचा आहे का ते आधी बघा. आणि हे डिस्टिलेट पिण्यासाठी नाही. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या 95.6 टक्क्यांच्या वर जाता येत नाही, तिथे पाणी आणि इथेनॉल 78.2 अंशांना एकत्रच उकळतात. निर्जल हवं असेल तर 3 अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे फक्त पाणी शोषणारे सूक्ष्म छिद्रांचे मणी, लागते.